बडोद्याहून एका दिवसात चौल-रेवदंडा-कोर्लई : आधी तिथी, मग तिकीट

सुरसागर_काठ
हिवाळ्यातल्या एका शनिवारचा बेत आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने बडोद्याहून निघायचं आणि रविवारी सकाळी घरी. मंडळी दहा, त्यांत दोघं साठीपुढची, दोघं शाळकरी. अलिबागचा कुलाबा किल्ला, चौल-रेवदंडा आणि कोर्लई किल्ल्याची चढण, हे तिन्ही एका दिवसात बसतं का? मुक्काम करायचा नाही. जाणकारांनी वेळांसकट सांगावं.

ओहोटी
ताई, तिन्ही बसतं, पण महिन्यातल्या मोजक्याच दिवशी. बाकीच्या दिवशी कुलाबा सोडायचा आणि कोर्लई धरायचं. त्यामुळे रेल्वेचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा.

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, खडकावर आहे. पायी जायचं तर ओहोटी हवी. कोळ्यांचा जुना हिशोब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती. तिच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि तेवढ्याच नंतर ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी.

अष्टमीची वेळ सोयीची वाटते आणि इथेच बाहेरगावचे लोक फसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, म्हणून पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. घड्याळात ओहोटी दिसते, पण वाटेवर गुडघ्यावर पाणी राहतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी छान मागे जातं, पण ओहोटीची वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. तेव्हा मुंबईला परतायची तुमची बोट सुटायची वेळ झालेली असते.

राहिल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच शिगेला पोचत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी पोचतं. म्हणून या तीन दिवशी पाणी अजून चांगलं उतरतं आणि वेळही सकाळची मिळते. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी सव्वातीन-चारला ओहोटी येते खरी, पण उधाण अजून भरायचं असतं आणि परतीची बोट डोक्यावर असते. ते धरू नका.

न्यायमंदिर
पाऊणपटीचा हिशोब दिवस निवडायला चांगला आहे, पाण्यात पाय टाकायला नाही. करून पाहा: पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता. एका रात्रीत दीड तासाची उडी! प्रत्यक्षात भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशोबात पंचेचाळीस धरलेली आहेत, ती पाच-पाच मिनिटांची तूट पंधरवड्याच्या शेवटी साचते. शिवाय तिथी घड्याळाच्या बाराला बदलत नाही. म्हणून तास-पाऊण तास इकडेतिकडे होणारच.

त्या तारखेचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहा. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची असते. दिवसातल्या दोन ओहोट्यांची उंची सारखी नसते. ओहोटीच्या रकान्यातला आकडा जितका लहान, तितकी वाट कोरडी.

ओहोटी
बरोबर. आणि एक नियम कडक पाळा. ओहोटीच्या आधीच, जमल्यास तास-दीड तास आधी, किनाऱ्यावरून निघायचं आणि ओहोटीची वेळ उलटून तासभर व्हायच्या आत परत किनारा गाठायचा. पाणी समोरून चाल करून येत नाही. ते आधी मधल्या सखल पट्ट्यांत भरतं, त्यामुळे किल्ल्यावरून पाहताना वाळू उघडी दिसते आणि किनाऱ्याजवळ मात्र वाट तुटलेली असते. वेळ चुकलीच तर पायी निघू नका. घोडागाडी किंवा बोट मिळेपर्यंत आत थांबा, किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे.

खंडेराव_मार्केट
आता प्रवासाचं. बडोद्याहून एकता नगर–दादर गाडी रात्री उशिरा मिळते आणि पहाटे दादरला सोडते. गुजरात मेलही चालते. दादर पश्चिमवरून चर्चगेटची लोकल साधारण पंचवीस मिनिटं, तिथून गेटवे ऑफ इंडिया दोनेक किलोमीटर. दहा जणांना तीन टॅक्सी लागतील.

गेटवेहून मांडव्याला बोटी जातात. (बडोद्याच्या मांडवीची सवय असलेल्यांनी नोंद घ्यावी, हा मांडवा. बुकिंग करताना ‘मांडवी’ टाइप केलंत तर कच्छ नाहीतर गोवा समोर येईल.) पहिली बोट सहा-सव्वासहाची असते, पण गाडी वेळेवर आली तरी ती गाठताना दम लागतो. तिच्या भरवशावर आखणी नको, सात ते आठमधली धरा. समुद्रातला तास, मग मांडव्याहून अलिबाग बसने पाऊण तास. कॅटमरान बोटीच्या तिकिटात ही बस धरलेली असते, वेगळं भाडं नाही. म्हणजे अलिबागला सव्वानऊ-साडेनऊ.

आता ओहोटीकाकांच्या तिथीशी ताडून पाहा. तृतीयेची ओहोटी सव्वाआठची, ती हातून गेलीच. चतुर्थीची नऊची, काठावर. पंचमीची दहाची, नीट बसते. म्हणजे पहिल्या बोटीशिवाय येणाऱ्या बडोदेकरांसाठी खरी तिथी पंचमी.

बोटी पावसाळ्यात, मेअखेरपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत, बंद असतात. तुमचा बेत हिवाळ्यातला आहे म्हणून प्रश्न नाही. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

कमाटीबाग
गाडी घेऊन जायचं असेल तर?

खंडेराव_मार्केट
बडोदा-मुंबई चारशे किलोमीटर. त्यापुढे दोन मार्ग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तिच्यात गाडी चढते आणि तासाभरात मांडवा. ही सेवा २०२० पासून आहे. गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते. दुसरा मार्ग पनवेल-पेण-वडखळ. मुंबईत अडकायचं नसेल तर भिवंडीकडून पनवेलला उतरा. वडखळला शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वाहनं तुंबतात. पण रात्रभर गाडी हाकून सकाळी किल्ला चढायचा आणि त्याच रात्री पुन्हा चारशे किलोमीटर, हे एकाच चालकाकडून करवू नये. एका दिवसाच्या बेताला रेल्वेच बरी.

गडवाट_वडोदरा
कोर्लईबद्दल लिहितो.

अलिबागहून रेवदंडा सतराएक किलोमीटर. मग कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून साळाव, तिथून पुढे मुरुडच्या रस्त्यावर कोर्लई. अलिबाग स्थानकातून मुरुडकडे जाणारी एसटी कोर्लईला थांबते, पण दहा जणांनी एसटीच्या वेळांत दिवस अडकवू नये. दिवसभरासाठी दोन सहाआसनी रिक्षा किंवा एक मोठी गाडी ठरवा. ठरवतानाच ‘कोर्लई दीपगृहापर्यंत आणि परतीला थेट मांडवा धक्का’ असं बोलून घ्या. नुसतं ‘कोर्लई’ म्हटलं की गावाच्या फाट्यावर उतरवतात आणि पुढे दोनेक किलोमीटर कोळीवाड्यातून चालावं लागतं. तो रस्ता अरुंद आहे. टेम्पो ट्रॅव्हलरसारखी लांब गाडी समोरून दुसरी आली तर मागे घ्यायलाही जागा नसते, ती गावातच उभी करा.

दीपगृहाच्या मागून किल्ल्यावर पायऱ्या जातात. उंची समुद्रापासून शंभर मीटरच्या आतबाहेर, धडधाकट माणसाला वीस मिनिटं, मुलांबरोबर अर्धा तास. पायऱ्या एकसारख्या नाहीत. काही गुडघाभर उंच, काहींचे दगड हलतात. चढताना कळत नाही, उतरताना घोटा मुरगळतो. म्हणून चपला-सँडल नकोत, मागून बंद आणि तळाला खाचा असलेले बूट हवेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि तटावरची भगदाडं त्यात झाकली जातात. डिसेंबरनंतर गवत वाळून बसतं, वाट दिसते.

किल्ला आडवा पसरलेला नाही. एका लांबट सोंडेवर उत्तर-दक्षिण ताणलेला आहे, रुंदी फारच कमी. तीन बाजूंना पाणी. आत एकामागून एक आडव्या भिंती आणि दरवाजे आहेत. शत्रूने एक टप्पा घेतला तरी पुढचा बंद राहावा, अशी ती रचना. माथ्यावर महादेवाचं छोटं देऊळ, त्याच्यापुढे तुळशीवृंदावन, पाण्याचं टाकं, पोर्तुगीज चर्चच्या उभ्या भिंती, तोफा. बहुतेक लोक इथे फोटो काढून परततात आणि किल्ल्याचं मर्म तिथेच चुकतं. उत्तरेकडे टोकापर्यंत उतरत जा, जिथे तट खाडीच्या मुखाला भिडतो. समोर रेवदंडा, मध्ये फक्त पाणी. हे मुख अडवण्यासाठीच दोन्ही काठांवर किल्ले का लागले, ते त्या जागी उभं राहिल्याशिवाय नकाशावर कळत नाही. टोकापर्यंत जाऊन यायला धरून दीड ते पावणेदोन तास द्या.

सावली नाही. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं नाही. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या.

सुरसागर_काठ
साठीपुढच्या दोघांना झेपेल का? पावागड रोपवेने करतात.

गडवाट_वडोदरा
ताई, पावागड आठशे मीटरच्या घरातला, कोर्लई त्याच्या पासंगालाही नाही. त्यांना एकदा माचीपासून देवळापर्यंत रोपवे न घेता चालवून पाहा. ते जमलं तर कोर्लई जमेल, गुडघे उतरताना दुखले तर नाही.

पण उंचीपेक्षा हवेची चिंता करा. बडोद्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. इथे हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही, अंगावरच राहतो, शरीर तापत जातं आणि मीठ-पाणी मात्र जात राहतं. जानेवारीतही अकरानंतर हे जाणवतं. दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी, एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं. छाश (ताक) चालेल, पण ती बाटलीत दुपारपर्यंत टिकत नाही.

चढायचं नसलेल्यांना दीपगृहाजवळ बसवू नका, तिथे करमणार नाही. त्यांना रेवदंड्यात उतरवा. तिथला किल्ला सपाटीवर आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून सावलीत फिरता येतं. किंवा चौलजवळ भोवाळ्याच्या डोंगरावरचं दत्तमंदिर. त्या पायऱ्या बांधीव आहेत, वाटेत झाडी आहे, मध्ये बसता येतं. फक्त दत्तजयंतीची यात्रा पाच दिवस चालते, त्या काळात तिथे नुसतं चालायलाही जागा नसते.

जुना_नकाशा
इथवर रस्ते आणि पाणी झालं. काय पाहायचं ते माहीत नसेल तर रेवदंड्यात फक्त पडक्या भिंती दिसतात, म्हणून थोडं लिहितो. बडोद्याच्या माणसाला हे जवळचं वाटावं, कारण यात गुजरात आहे.

चौल हे फार जुनं बंदर. टॉलेमीने त्याचा उल्लेख केला आहे, अरब लेखक त्याला सैमूर म्हणत आणि अल्-मसूदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानात उतरला तो इथेच. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे.

मार्च १५०८ मध्ये कुंडलिकेच्या याच मुखात मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा अमीर हुसेन आणि त्याच्या मदतीला गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ. सुलतान कोण? महमूद बेगडा, ज्याने चांपानेर घेतलं तोच. पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा या लढाईत मारला गेला. त्याचं जहाज निघून जाताना कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. बापाने पुढल्याच वर्षी दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. कोर्लईच्या उत्तर टोकावर उभं राहाल तेव्हा खाली हेच पाणी असतं.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला. समोरच्या डोंगरावर किल्ला बांधायला मात्र निजामशाहीने नकार दिला होता, कारण तिथून बंदराची नाडी हातात येते. नंतर निजामशाहीने स्वतःच तिथे किल्ला उभारला आणि अखेर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतली आणि त्या मोहिमेच्या पाठोपाठ, १७४० च्या तहाने, रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

रेवदंड्यात सातखणी मनोरा चुकवू नका. तो पहाऱ्याचा बुरूज नाही, फ्रान्सिस्कन चर्चचा घंटामनोरा आहे. मूळचे सात मजले, त्यांतले थोडे उरलेत. वर चढायचा प्रयत्न कुणी करू नये, दगड सुटे आहेत. तिथून समुद्राकडे गेलात की तट वाळूतच उतरतो आणि ओहोटीला त्याच्या बाहेरून चालता येतं. वाळू काळसर आहे, ते प्रदूषण नाही, सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा तो चुरा आहे.

न्यायमंदिर
यात आक्षी घातलं नाहीत. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर, अलिबागपासून पाचेक किलोमीटरवर, शके ९३४ चा म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून तो मानला जातो. दगडावर वर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे दान ते असेपर्यंत चालावं, आणि ते मोडणाऱ्याला खाली शापवचन. दहा मिनिटं पुरतात. बडोद्यात मराठी शिकवताना मुलांना ‘आपली भाषा किती जुनी’ हे सांगायला पुस्तक लागतं, इथे बोट ठेवायला दगड आहे. शाळकरी मुलं आहेत तर जरूर थांबा.

चौलच्या रामेश्वराच्या देवळात मंडपात तीन झाकलेली कुंडं आहेत: पर्जन्य, वायू, अग्नी. दुष्काळात पर्जन्यकुंड उघडायची चाल होती. बाहेर पुष्करणी. दुपारी तिथे गारवा असतो, कोर्लई उतरून आलेल्यांना विसाव्याला ही जागा योग्य.

कमाटीबाग
कोर्लई गावात पोर्तुगीज बोलतात हे खरं का?

जुना_नकाशा
पोर्तुगीज नाही, पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली बोली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. गावातल्या ख्रिस्ती वस्तीतली जेमतेम हजारभर माणसं ती बोलतात. पोर्तुगीज सत्ता १७४० ला गेली तरी घरात ती टिकली. बडोद्यात आपण जशी घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती चालवतो, तसंच त्यांचं मराठीशी आहे. मात्र कुणालाही थांबवून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणू नका, व्हिडिओ तर मुळीच काढू नका. सहज गप्पा झाल्या तर कानावर पडेलच. आणि कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीवरून पाय टाकून जाऊ नये, ती त्यांची कमाई आहे.

ओहोटी
ताई, आता सगळं जुळवून देतो.

पंचमी असेल तर: साडेनऊला अलिबाग, सामान गाडीत ठेवून थेट समुद्र, पावणेअकरापर्यंत कुलाबा आटोपून बाहेर. सिद्धिविनायकाचं पंचायतन रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, ते आणि दरवाजा पाहून निघा, पूर्ण तट फिरत बसू नका. सव्वाअकराला आक्षी, बाराला रेवदंडा, जेवण, मनोरा. कोर्लई दोनला चढायला सुरुवात, पावणेचारला खाली, लगेच गाडीत. साडेपाचच्या आत मांडवा. रामेश्वर यात बसत नाही.

चतुर्थीला वाट अर्धा-पाऊण तास लवकर बुडते. पहिली बोट मिळाली तरच कुलाबा.

इतर कोणतीही तिथी: अलिबागला उतरताच कोर्लई, दहा ते बारा किल्ला, मग रेवदंड्यात जेवण आणि मनोरा, तीनला रामेश्वर, पावणेचारला आक्षी, मग मांडवा. कुलाबा किनाऱ्यावरून पाहायचा. माझं मत विचाराल तर हाच दिवस जास्त चांगला जातो. उन्हाच्या आत चढण होते आणि कुठेच धावाधाव नाही.

खंडेराव_मार्केट
परतीचं महत्त्वाचं. शेवटची बोट साधारण सहा-साडेसहाला असते. तुमचं आरक्षण तिच्या आधीच्या बोटीचं करा, म्हणजे एक बोट हातात राहते. शेवटचीही गेली तर मांडव्याला थांबून उपयोग नाही. तडक अलिबाग स्थानक गाठा, पनवेलची एसटी धरा, दोन तास. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथे बदलून दादर. अलिबागहून सातला निघालात तर साडेदहा-अकराला दादर, तेही वडखळला खोळंबा नसेल तर. म्हणून बडोद्याची गाडी दादरहून मध्यरात्रीच्या सुमाराची घ्या, दहाची नको.

सुरसागर_काठ
फार आभार. जेवणाचं आणि सामानाचं तेवढं सांगा.

गडवाट_वडोदरा
सामान माणशी एकच पाठपिशवी, हात मोकळे हवेत. दादरच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप लागतं, कुलूप नसलेली घेत नाहीत. कुलाबा धरणार असाल तर अर्धी विजार आणि पाय पुसायला पंचा. ओल्या बुटांनी कोर्लई चढलात तर टाचेला फोड येतो. बूट हातात घेऊन वाळूत चालायचं झालं तर शिंपल्यांनी पाय कापतात, म्हणून पाण्यासाठी जुन्या रबरी चपला वेगळ्या.

सकाळच्या बोटीसाठी थेपले बडोद्याहूनच न्या, दोन दिवस टिकतात. रेवदंड्यात घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी मिळते, पण दहा पानं आयत्या वेळी होत नाहीत. अलिबागहून निघतानाच फोन करून शाकाहारी किती, मासळीचे किती ते कळवा. फेब्रुवारीत गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यालगत टांगलेल्या दिसतील. घ्यायच्या असतील तर परतीच्या वाटेवर, आणि पिशवीत कोंबू नका. हवा लागली नाही तर बडोद्याला पोचेपर्यंत कांदा घामेजतो. माळ बाहेर अडकवूनच आणायची.